ई-सायकल घेण्याआधी तिची रात्रीची जागा ठरवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दसऱ्या-पाडव्याला वाहन घरी आणायची आपल्याकडे रीत आहे. गेली काही वर्षे त्या वाहनांत पेडल असलेली ई-सायकलही दिसू लागली आहे, ही आनंदाची गोष्ट. पण दुकानात तिच्याबद्दल विचारले जातात ते दोनच प्रश्न: एका चार्जिंगमध्ये किती जाते आणि किती पळते? पुण्यात रोज कामावर जायला ती पाच वर्षे साथ देणार की वर्षभरात जिन्याखाली धूळ खात पडणार, हे या दोन प्रश्नांवर ठरत नाही. ती रात्री कुठे उभी राहणार, बॅटरी कुठे चार्ज होणार, ऑफिसपाशी ती कशाला बांधणार आणि मागचे चाक उघडणारा कारागीर कोण, यावर ते ठरते. ई-सायकली दुरुस्त करणारे आणि रोज चालवणारे आम्ही काही जण ही माहिती आपल्या वाचकांपर्यंत पोचावी म्हणून हे पत्र लिहीत आहोत. ‘ई-बाइक’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे स्कूटर येते, म्हणून आम्ही ‘ई-सायकल’ हाच शब्द वापरतो.

आधी कायद्याचे बोलू, कारण गैरसमज तिथेच सर्वांत जास्त आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत असेल, २५ किलोमीटरचा वेग गाठताच मोटरचा जोर बंद होत असेल, बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत असेल आणि त्या मॉडेलला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र असेल, तर ती मोटार वाहन धरली जात नाही. नंबर प्लेट, लायसन, मोटार विमा यांतले काही लागत नाही. प्रमाणपत्राची प्रत दुकानदाराकडून मागूनच घ्यावी. अशी प्रमाणपत्रे देणारी एक संस्था, एआरएआय, आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. त्यामुळे ‘असे काही मिळत नसते’ हे उत्तर पुण्यात तरी कुणी ऐकून घेऊ नये.

काही ठिकाणी ‘लॉक काढून देतो, ३५ ने पळेल’ असे आमिष दाखवतात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये एक आकडा बदलला की हे होते, पण त्या क्षणी ती सायकल कायद्याने मोटार वाहन होते. मग मोटार वाहन कायद्याचे कलम ३ लायसनसाठी, ३९ नोंदणीसाठी आणि १४६ विम्यासाठी लागू होते आणि तुमच्याकडे तिन्हीपैकी काही नसते. कुणाला धक्का लागला तर भरपाई स्वतःच्या खिशातून द्यायची वेळ येते. शिवाय हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. २५ वरून ३५ वर गेलात तर हवेसाठीच पावणेतीन पट शक्ती खर्च होते. अंतर निम्म्यावर येते, मोटर तापते आणि १६० मिलिमीटरच्या डिस्क ब्रेकवर त्याला न पेलणारा भार पडतो.

आता अंतराचा हिशोब. जाहिरातीतला ‘इतके किलोमीटर’ हा आकडा बाजूला ठेवावा आणि बॅटरीवर छापलेले व्होल्ट व अँपिअर-तास (एएच) यांचा गुणाकार करावा. ३६ व्होल्ट, ७.८ एएचची बॅटरी म्हणजे २८१ वॅट-तास. ३६ व्होल्ट, १०.४ एएच म्हणजे ३७४ वॅट-तास. पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर (हँडलवरच्या ॲक्सिलरेटरवर), सिग्नलला थांबत-थांबत गेले तर शहरात किलोमीटरला १२ ते १४ वॅट-तास जातात. मधल्या असिस्टवर, म्हणजे मोटरची मदत मध्यम ठेवून, प्रामाणिकपणे पेडल मारले तर ६ ते ८. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन-येऊन साधारण ३० किलोमीटर होतात. आठने गुणले की २४० वॅट-तास. लहान बॅटरी नवी असताना हे जमते, पण दोन-तीन वर्षांनी क्षमता वीस टक्के घटली की तिच्यात २२५ उरतात आणि परतताना चांदणी चौकाच्या आसपास दिवा विझतो. म्हणून जुन्या बॅटरीचा हिशोब धरून नवी घ्यावी. या अंतराला १०.४ एएचची बॅटरी हवी, नाहीतर ऑफिसात चार्जिंगची खात्रीची सोय हवी.

चढाचे गणित वेगळे आहे. चालवणारा, सायकल आणि पाठीवरची बॅग मिळून १०० किलो धरा. पाच टक्के चढावर ताशी १२ किलोमीटरने जायला चाकापाशी जवळजवळ २०० वॅट लागतात. मोटर २५० वॅटची आहे, म्हणजे भागले, असे वाटते. पण हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेली मोटर, चाकाच्या वेगाशी बांधलेली असते. वेग दहाच्या खाली गेला की तिची कार्यक्षमता कोसळते आणि बॅटरीतून आलेली निम्मीअधिक वीज उष्णता होऊन आतल्या वेटोळ्यांत साठते. गिअर असलेल्या हबमध्ये आतली दातेरी चक्रे बहुधा नायलॉनची असतात. ती अशा वेळी मऊ पडून झिजतात आणि मग मोटरमधून कर्र-कर्र आवाज येऊ लागतो. चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करून पाय चालू ठेवणे हाच उपाय. कोंढवा-एनआयबीएमचा किंवा बावधनचा चढ असा सहज निघतो. बोपदेव घाट मात्र रोजच्या वाटेवर असेल तर २५० वॅटच्या हब मोटरवर विसंबू नये. पेडलपाशी बसवलेली मोटर सायकलच्या गिअरमधून जोर देते, त्यामुळे चढावर ती सरस. पण चेन आणि दाते भराभर झिजतात, सुटे भाग महाग पडतात आणि ती उघडणारे हात शहरात मोजके आहेत. पुण्याच्या सपाट-मध्यम रस्त्यांना मागच्या चाकातली गिअरची हब मोटर पुरेशी आहे, असे आमचे मत आहे.

दुकानात पाच मिनिटांत करता येतील अशा काही तपासण्या आहेत. मागचे चाक उचलून थ्रॉटल द्या आणि ब्रेकचा लिव्हर नुसता स्पर्श झाल्यासारखा दाबा. मोटर त्या क्षणी बंद पडली पाहिजे. स्वस्त सायकलींत पेडल फिरते आहे की नाही एवढेच ओळखणारा सेन्सर असतो. तो अर्धा फेरा झाल्यावर जागा होतो आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहतो. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत हा क्षणभर फार मोठा असतो, म्हणून ब्रेकवर मोटर तोडणारी सोय नसेल तर ती सायकल घेऊच नये. पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर मिळत असेल तर चार पैसे जास्त द्यावेत. मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंना दात असलेला वॉशर फ्रेमच्या खाचेत बसला आहे ना, तेही बघावे. मोटर आसाला उलट पिळत असते. हा वॉशर नसेल तर आस खाचेत फिरतो, वायर पिळवटून तुटते आणि कधी चाकच सुटते. जुन्या सायकलीला मोटर-बॅटरीचे किट बसवणाऱ्यांनी तर हे पहिल्यांदा बघावे, आणि शॉकअपच्या ॲल्युमिनियम फोर्कमध्ये पुढची मोटर बसवू नये. तिथली खाच पातळ असते आणि ती फुटते तेव्हा सूचना देत नाही.

शेवटी दुकानदाराला विचारावे की कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी देणारी पेटी), डिस्प्ले, सेन्सर आणि बॅटरी सुटी मिळते का, आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे. कंपनीचा स्वतःचा वेगळा कनेक्टर असेल आणि कंपनीने ते मॉडेल बंद केले तर ३०० रुपयांच्या सेन्सरसाठी सायकल भंगारात जाते.

ई-सायकल २० ते २५ किलोची असते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती रोज चढवणे होत नाही. पहिल्या आठवड्यात होते, मग होत नाही. म्हणून ती खाली राहणार हे धरूनच चालावे आणि बॅटरी किल्लीने काढून वर नेता येईल अशीच सायकल निवडावी. बॅटरीचे वजन दोन-अडीच किलो. फ्रेमच्या आत कायमची बसवलेली, जागेवरच चार्ज करावी लागणारी बॅटरी दिसायला सुबक असते, पण ज्यांच्या पार्किंगमध्ये प्लग नाही त्यांच्यासाठी ती नव्हे.

चार्जिंगबद्दल सोसायट्यांमध्ये भीती आहे आणि ती अगदीच निराधार नाही. पण भीती चुकीच्या गोष्टीची आहे. मीटरवर ताण येईल असे अनेकांना वाटते. ४२ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर ८४ वॅट देतो. तो पाच अँपिअरच्या साध्या प्लगवर चालतो आणि दहा एएचची बॅटरी पाच-सहा तासांत भरते. त्याला अर्ध्या युनिटच्या आत वीज लागते. युनिट दहा रुपयांचे धरले तरी पाच रुपये झाले. खरा धोका चुकीचा चार्जर, मार बसलेली बॅटरी आणि चार्ज करण्याची जागा, या तीन गोष्टींत आहे.

चार्जरचे नीट समजून घ्यावे. ३६ व्होल्टच्या नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीत दहा सेल (किंवा सेलांचे दहा गट) एकापुढे एक असतात आणि प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरतो, म्हणून चार्जर ४२ व्होल्टचा. त्याच ‘३६ व्होल्ट’ नावाने विकली जाणारी लोह-फॉस्फेटची बॅटरी बारा सेलची असते आणि तिचा चार्जर ४३.८ व्होल्टचा. पिन सारखीच असू शकते, पेटीवर दोन्हीकडे ३६च लिहिलेले असते. फॉस्फेटचा चार्जर दुसऱ्या बॅटरीला लावला तर प्रत्येक सेल भरल्यावरही भरत राहतो आणि मध्ये उभा असतो तो फक्त बीएमएसचा, म्हणजे सेलांवर नजर ठेवून गरज पडली तर बॅटरी तोडणारा, छोटा बोर्ड. तो बिघडला तर आग. ४८ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ५४.६ व्होल्टचा असतो, त्याबद्दल तर बोलायलाच नको. चार्जर हरवला तर नवा घेताना पेटीवरचा ‘आउटपुट’ आकडा मूळ चार्जरशी दशांशापर्यंत जुळवावा. शंका असेल तर दोनशे रुपयांच्या मल्टिमीटरने पिनवर मोजून पाहावे.

जागा म्हणाल तर फरशीवर, पलंग-गादी-पडद्यापासून दूर, उघड्या खिडकीशी, आणि मुख्य दाराजवळ कधीच नाही. जिन्यातही नाही. कारण बॅटरी पेटली तर घरातल्यांना बाहेर पडायची वाट तीच असते. चार्जरवर कपडा टाकू नये, सर्वजण झोपलेले असताना चार्जिंग सुरू ठेवू नये. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या सायकलीची बॅटरी हाताला कढत लागते. ती आणल्या आणल्या लावू नये, तासभर थंड होऊ द्यावी. पेटी फुगलेली दिसली, गोडसर उग्र वास आला किंवा हिस्स आवाज झाला तर तिचे आयुष्य संपले, असे समजून ती मोकळ्या जागेत ठेवावी. धूर निघू लागला असेल तर उचलायला जाऊ नये. माणसे बाहेर काढावीत, दार ओढून घ्यावे आणि १०१ ला फोन करावा. पावडरच्या अग्निशामकाने ज्वाळा क्षणभर बसतात, पण आतला एक सेल शेजारच्याला तापवतच राहतो. तिथे थंड करणारे भरपूर पाणीच लागते आणि ते काम अग्निशमन दलाचे.

रोजच्या वापरात बॅटरी शंभर टक्के भरायचा हट्ट नको. जायचे-यायचे अंतर जमत असेल तर चार्जरचा हिरवा दिवा लागायच्या तासभर आधी काढली तरी चालते, आयुष्य वाढते. मात्र महिन्यातून एकदा पूर्ण भरून हिरवा दिवा लागल्यावरही दोन तास ठेवावी, कारण सेलांमधला कमी-जास्तपणा सारखा करण्याचे काम बीएमएस त्या शेवटच्या टप्प्यातच करते. गणपतीला गावी किंवा महिनाभर परगावी जायचे तर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवून जाऊ नये. ३८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली, फ्रेममधून काढून सावलीत ठेवावी. रिकामी बॅटरी तीन महिने पडली की बीएमएसच तिला हळूहळू पिऊन टाकते आणि मग चार्जर लावला तरी दिवा लागत नाही. असे झाल्यावर कुणी ‘बाहेरून झटका देऊन उठवून देतो’ म्हणाला तर देऊ नये. फार खाली गेलेल्या सेलमध्ये तांब्याचे कण सुटलेले असतात आणि तो पुढच्या चार्जिंगला आतून शॉर्ट होऊ शकतो.

चोरीकडे वळू. सायकलबरोबर फुकट मिळणारे प्लास्टिकचे आवरण असलेले तारेचे कुलूप साध्या कटरने काही सेकंदांत तुटते. ते हेल्मेट अडकवायला ठेवावे. फ्रेमसाठी १४ मिलिमीटर किंवा जाड, कडक केलेल्या पोलादाचे डी-कुलूप घ्यावे. साखळी घ्यायची तर कड्या किमान ८ मिलिमीटरच्या हव्यात आणि तिला लावायचे कुलूपही त्याच तोडीचे, नाहीतर चोर साखळीला हात न लावता कुलूपच तोडतो. ग्राइंडरपुढे कुठलेच कुलूप कायम टिकत नाही. कुलूप वेळ आणि आवाज विकत घेते, म्हणून सायकल माणसांच्या नजरेत उभी करणे हा कुलपाचाच भाग आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्येही कुलूप लावावे. वॉचमन गेटवर असतो, सायकलीपाशी नव्हे.

बांधायचे काय आणि कशाला, हे कुलपाइतकेच महत्त्वाचे. डी-कुलूप फ्रेमच्या मागच्या भागातून, मागच्या चाकातून आणि जमिनीत घट्ट बसलेल्या लोखंडातून जावे. मोटर मागच्या चाकात आहे, म्हणजे सर्वांत महाग चाक तेच. पुढच्या चाकाला किंवा सीटला हाताने उघडणारा लिव्हर असेल तर तो काढून ॲलनचा बोल्ट बसवावा. झाडाभोवतीची जाळी, नटबोल्टने जोडलेले रेलिंग, वरून सायकल उचलून काढता येईल असा बुटका खांब, यांना बांधणे म्हणजे न बांधणेच. बॅटरीचे किल्लीचे कुलूप ती खड्ड्यात उडून पडू नये म्हणून असते, चोरासाठी नव्हे. स्क्रू-ड्रायव्हरने ते उखडते, म्हणून बॅटरी बरोबर न्यावी.

सायकल घेतल्याच्या दिवशीच पेडलच्या आसाखाली फ्रेमवर कोरलेला क्रमांक, बॅटरीचा क्रमांक आणि किल्लीवरचा क्रमांक यांचे फोटो काढून बिलासोबत ठेवावेत. क्रमांकाशिवाय सापडलेली सायकल तुमची आहे हे सिद्ध करता येत नाही. चोरी झालीच तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते. ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. मोटार विमा लागू नसल्यामुळे घरच्या विम्यात सायकल घराबाहेरही धरली जाते का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

पावसाळा हा ई-सायकलीचा खरा कस. पावसात चालवायला हरकत नाही. धुवांधार पावसाने सहसा काही होत नाही, बिघडते ते साचलेल्या पाण्याने आणि धुण्याच्या पाइपने. चाकाचा आस जमिनीपासून जेमतेम ३३ ते ३५ सेंटिमीटरवर असतो आणि मोटरची वायर त्या आसाच्या पोकळीतूनच बाहेर येते. पाणी आसापर्यंत आले तर ते वायरीच्या कडेने आत जाणार. म्हणून साचलेल्या पाण्यात घालण्याऐवजी उतरून फुटपाथवरून ढकलावी. ही वायर आसापाशी येण्याआधी थोडी खाली लोंबेल अशी बांधावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी त्या वळणाच्या तळाशी गळून पडते, आसात शिरत नाही. कनेक्टरवर बाणाच्या खुणा असतात, त्या समोरासमोर आणूनच सरळ दाबावेत. पिळून बसवले की आतल्या पिना वाकतात. सर्व्हिस सेंटरवर स्कूटरला मारतात तो प्रेशरचा पाइप ई-सायकलला कधीही लावू देऊ नये. ओले फडके, बादलीभर पाणी आणि चेनला ब्रश एवढे पुरते. दर पंधरा दिवसांनी बॅटरी काढून तिच्या खालच्या पट्ट्या बघाव्यात. हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळल्यावर विजेच्या जोडांसाठी मिळणाऱ्या ग्रीसचा हलका हात फिरवावा.

सायकल पाण्यात बुडालीच तर पहिले काम बॅटरी काढणे. ‘चालू होते का बघू’ हा मोह टाळावा. आत पाणी असताना वीज सोडली की कंट्रोलर जातो, जो एरवी वाळून वाचला असता. हबचे झाकण स्क्रूंवर असते. ते कारागिराकडून उघडून पाणी काढून, वाळवून, नवे ग्रीस भरून घ्यावे. बॅटरीत पाणी गेले असेल तर ती घरात आणून चार्ज करू नये.

दुरुस्तीत वारंवार येणारे दोन-तीन बिघाड सांगतो, म्हणजे उगाच मोटर बदलायला कुणी भाग पाडणार नाही. मोटर जागेवर थरथरते, धक्के देते पण फिरत नाही, याचे कारण बहुतेक वेळा हॉल सेन्सर (मोटर कुठवर फिरली हे कंट्रोलरला कळवणारा) किंवा त्याचा कनेक्टर असतो. मोटरमधून तीन जाड आणि पाच बारीक वायरी येतात. मल्टिमीटर लावला तर बारीक लाल-काळ्यात ५ व्होल्ट आले पाहिजेत, आणि चाक हळूहळू मागे फिरवले की पिवळ्या, हिरव्या, निळ्या वायरींवरचा आकडा शून्य आणि पाचच्या आसपास आलटून पालटून बदलला पाहिजे. एखादी बदलत नसेल तर दोष सापडला. बहुतेकदा कनेक्टर साफ करूनच काम भागते. दुसरा बिघाड असा: सपाटीवर छान चालते, चढावर किंवा सिग्नल सुटताना एकदम बंद पडते आणि बॅटरी काढून लावली की पुन्हा सुरू. हा कंट्रोलरचा दोष म्हणून सांगितला जातो. खरे तर दहांपैकी एक सेल-गट थकलेला असतो. जोर लागताच त्याचे व्होल्ट तळाला जातात आणि बीएमएस सगळी बॅटरी तोडते. थकलेला एक सेल काढून नवा चिकटवून देणाऱ्याकडे जाऊ नये. नवा आणि जुने यांची क्षमता जुळत नाही, सहा महिन्यांत तेच दुखणे येते. सगळा पॅक, निदान सगळा गट तोलून बदलावा लागतो आणि त्यासाठी सेल वेल्ड करायचे मशीन असणारा कारागीर लागतो, सोल्डरिंगची बंदूक असणारा नव्हे.

चाकाच्या तारांकडे (स्पोककडे) कुणी लक्ष देत नाही. हबच्या चाकावर मोटरचा पिळ आणि कॅरिअरचे ओझे दोन्ही येते. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर तारा सैल होतात. त्या वेळी चाकाचा आऊट काढून सगळ्या ताणून घेतल्या तर पुढे तुटत नाहीत. एक तुटली की शेजारच्या दोन-तीन महिनाभरात जातात. हबचा घेर मोठा असल्याने या तारा आखूड असतात आणि गल्लीतल्या दुकानात तयार मिळत नाहीत. सायकल घेतानाच त्या मापाच्या चार तारा मागून घराच्या खणात ठेवाव्यात. पंक्चरसाठी मागचे चाक काढायची गरज नसते. टायर एका बाजूने उतरवून ट्यूब बाहेर ओढून पॅच मारता येतो आणि आपले पंक्चरवाले हे काम उत्तम करतात. ट्यूबच बदलायची असेल तर मात्र आधी मोटरचा कनेक्टर सोडवावा लागतो आणि १८ नंबरचा पाना लागतो. तो पाना बॅगेत असावा. अनेक दुकानांत १५ पर्यंतचेच असतात. ब्रेक पॅड पावसाळ्यात लवकर जातात, मसाला एक मिलिमीटर उरला की बदलावेत.

यापुढचे म्हणणे सोसायट्यांना, महापालिकेला आणि मेट्रोला उद्देशून आहे. सायकलीचे चाक अडकवायचे जे स्टँड सगळीकडे बसवतात ते ई-सायकलीच्या कामाचे नाहीत. त्यात पुढचे चाकच बांधता येते, फ्रेम मोकळी राहते, आणि कुणी धक्का दिला की ब्रेकची डिस्क वाकते. त्याऐवजी उलट्या यू आकाराची लोखंडी कमान हवी. ५० मिलिमीटरचा पाइप, जमिनीवर ७५ सेंटिमीटर उंची, साधारण तेवढीच लांबी, काँक्रीटमध्ये ३० सेंटिमीटर गाडलेली, दोन कमानींत एक मीटर अंतर. एका कमानीला दोन्ही बाजूंनी दोन सायकली लागतात. गल्लीतला फॅब्रिकेटर हे एका दिवसात करून देतो. मेट्रोच्या वनाजपासून रामवाडीपर्यंत आणि पिंपरीपासून स्वारगेटपर्यंतच्या स्थानकांवर, कॅमेऱ्याच्या टप्प्यात आणि छपराखाली अशा दहा-दहा कमानी झाल्या तर घर ते स्थानक हे दोन-तीन किलोमीटर ई-सायकलीने जाणारे कितीतरी निघतील. महापालिकेने २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्या आराखड्याच्या कामांत या कमानीही धराव्यात.

सोसायट्यांनी चार्जिंगवर सरसकट बंदी घालू नये. बंदी घातली की लोक लपून, दार लावून, झोपताना चार्ज करतात, आणि सर्वांत धोकादायक तेच. पार्किंगच्या हवेशीर टोकाला, जिना, लिफ्ट आणि मीटर रूमपासून लांब, भिंतीवर एक फळी, चार प्लग, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच), विजेची गळती ओळखणारा आरसीसीबी आणि एक सब-मीटर, एवढी सोय करावी. रात्री अकराला वीज आपोआप बंद करणारा टायमरही लावावा.

राज्य सरकारकडेही एक मागणी आहे. पूर्ण ई-सायकलीवर जीएसटी ५ टक्के आणि तिचीच बदली लिथियम बॅटरी घ्यायला गेले तर १८ टक्के. सायकलीच्या किमतीचा चौथा ते तिसरा हिस्सा बॅटरीचा असतो. चांगली फ्रेम आणि मोटर हाताशी असताना केवळ बॅटरी परवडत नाही म्हणून सायकल मोडीत काढणारे लोक आम्ही पाहतो. दिल्लीने २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार ई-सायकलींना प्रत्येकी ५,५०० रुपयांपर्यंतचे अनुदान जाहीर केले होते. महाराष्ट्राने तेवढे केले नाही तरी जुनी बॅटरी परत करून नवी घेणाऱ्याला कराच्या फरकाइतकी सवलत द्यावी.

आणि त्या जुन्या बॅटरीबद्दल: ती सुक्या कचऱ्यात टाकू नये. घंटागाडीत दाबली गेली तर गाडीच पेटते, आणि तिच्यावर काम करणारी माणसे तिथेच उभी असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी परत जमा करून घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. विकत घेतानाच दुकानदाराला विचारावे की ती परत कुठे घेणार, आणि द्यायला नेताना दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून न्यावी.

कळावे,
आपले,
ई-सायकल दुरुस्त करणारे व रोज चालवणारे काही पुणेकर